गव्हाणीवरचं गॅरेज आणि आण्णांच्या स्प्लेंडरचा लाईट

सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून हायवेनं वाठारपर्यंत यायचं आणि तिथून आत वळून तळसंदे, पारगाव, वारणानगर करत कोडोली गाठायची. हायवेला काही वाटत नाही. वाठार सोडलं की मात्र दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे काळाकुट्ट रस्ता. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मधूनच बैलगाड्यांची रांग. ट्रॉलीला मागं टेललाईट नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला, आणि ट्रॉलीच्या मापाबाहेर हातभर लोंबणारा ऊस. रात्री हा रस्ता टू-व्हीलरवर केलेल्या माणसाला जास्त सांगायला लागणार नाही.

माझ्याकडं आण्णांची १९९९ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. ९७.२ सीसीचं इंजिन, किक स्टार्ट, पुढं-मागं ड्रम ब्रेक. इंजिनाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार होती ती हेडलाईटची. त्या काळच्या या गाड्यांत हेडलाईटला बॅटरीचा करंट नसतोच, मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या) कॉइलमधून थेट एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा करंट येतो. रेस केली की उजेड, रेस सोडली की पणती. म्हणजे खड्डा दिसला म्हणून वेग कमी करावा, तर नेमका त्याच वेळी खड्डा दिसेनासा होतो. ट्रॉलीच्या मागं हळू चालताना तर पुढं काय आहे ते अंदाजानंच ठरवायचं.

गाडी मॉडिफाय करायची म्हटलं की आमच्याकडची पोरं पहिल्यांदा सायलेन्सर काढतात. मग हँडल बदलतात, मडगार्ड कापतात, मागचा टायर रुंद घालतात. मला त्यांचा राग येत नाही. हातानं काहीतरी करून बघायची हौस कोल्हापूरच्या मातीतच आहे. उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या काळापासून लेथवर उभी राहिलेली माणसं आहेत, आणि त्यांची पोरं-नातवंडं आज शिरोली-गोकुळ शिरगावात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं चालवतात. पण हातात कला असताना ती सायलेन्सरची जाळी फोडण्यात घालवायची, हे मला मनापासून खटकतं. जी गाडी रोज अंधारातून घरी आणते, तिला आधी नीट दिसलं पाहिजे आणि नीट थांबता आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

गाडीवर काम करायचं म्हणजे जागा पाहिजे. आमच्या घराला लागून गोठा आहे. आई थकल्यावर म्हशी विकल्या आणि गोठा रिकामा पडला. त्यात वैरण, जुनी पोती, मोडकी सायकल असलं सगळं साठत गेलं. मी तो साफ करायला काढला तेव्हा आण्णा म्हणाले, "गोठा पाडून शेड मार की." मी पाडला नाही, कारण बारकाईनं बघितलं तर गोठा म्हणजे अर्धं गॅरेजच असतं. जमिनीला शहाबादी फरशी, आणि फरशीला मागच्या बाजूला उतार देऊन काढलेली गोमूत्राची नाली. गाडी धुतली की पाणी आपोआप त्या नालीतून बाहेर. तेलकट पाणी मात्र नालीत सोडत नाही. पुढं परड्यात कढीपत्ता आणि केळी आहेत. इंजिन ऑइल पसरट ट्रेमध्ये काढून कॅनमध्ये भरतो आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला देतो.

सगळ्यात उपयोगी निघाली ती गव्हाण. विटांची, सिमेंटनं गिलावा केलेली, भिंतीच्या कडेनं सरळ गेलेली. तिच्यावर जुन्या दाराच्या सागवानी फळ्या आडव्या टाकल्या, खाली लाकडाचे ठोकळे लावून उंची कमरेच्या जरा वर आणली, आणि एका टोकाला चार इंची व्हाइस बोल्टनं आवळून बसवला. असं टेबल विकत घेतलं असतं तर ते हललं असतं. म्हैस ज्या गव्हाणीला धडका देत होती ती माझ्या हातोडीला काय दाद देणार! फळ्यांच्या खाली गव्हाणीचा खळगा तसाच ठेवलाय. त्यात जुने ट्यूब-टायर, केबल आणि जड सामान राहतं. म्हशी बांधायच्या कड्यांपैकी दोन भिंतीत पक्क्या होत्या. गाडीचा पुढचा भाग उचलायचा झाला की तिथं पट्टा अडकवून हँडल आवळतो, म्हणजे मेन स्टँडवरची गाडी कलंडत नाही.

गॅरेजमध्ये पहिला खर्च पान्यांवर करू नका, उजेडावर आणि अर्थिंगवर करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. मधोमध एकच बल्ब असला की माणूस स्वतःच्याच सावलीत काम करतो. मी २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब लावल्या, गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर. आता इंजिनाच्या खाली वाकलो तरी कुठल्यातरी बाजूनं उजेड येतोच. गोठ्याचं जुनं वायरिंग सगळं काढून टाकलं. ओली फरशी आणि हातात ग्राइंडर, म्हणजे शॉकला आमंत्रण. म्हणून स्वतंत्र अर्थिंग आणि करंट गळला की लाईन तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घेतला, तोही परवानाधारक वायरमनकडून. मी मशीन शॉपमध्ये काम करतो, पण घरच्या मेन लाईनला मी हात लावत नाही. पत्र्याखाली वाऱ्यासाठी वीतभर फट होती तीही बुजवली नाही. बंद खोलीत इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला ना रंग ना वास. दाराशी एबीसी पावडरचं अग्निशामक सिलिंडर टांगलंय. टाकी रिकामी करायची असेल तर अंगणात, दिवसा आणि डेअरीच्या पिशवीत नाही, धातूच्या कॅनमध्ये.

पाने थोडेच आहेत. ८, १०, १२, १४चे टी-पाने, नाशिकच्या टपारियाचा रिंग पान्यांचा सेट, एक टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना), फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि मल्टिमीटर. आणखी एक गोष्ट मात्र आवर्जून घ्या: जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर. जपानी घराण्याच्या गाड्यांतले फुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखेच दिसतात, पण त्यांच्या खाचेचा आकार वेगळा असतो. साधा फिलिप्स त्यात पुरता बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. कुठल्याही जुन्या स्प्लेंडरचं मॅग्नेट कव्हर बघा, स्क्रूंची तोंडं गोल झालेली दिसतील. बरोबर टोक आणि हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर असला की पंचवीस वर्षांचा जाम स्क्रूसुद्धा 'टक' करून सुटतो.

आता मुख्य काम, लाईटचं.

बाजारात एलईडी बल्ब मिळतो, पाच मिनिटांत बसतो, पांढराशुभ्र उजेड पडतो. मी तो लावला नाही. हेडलाईटच्या आतला आरसा हॅलोजनच्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. फिलामेंट नेमकं कुठं, किती लांबीचं, त्यावरून आरशाचा आकार ठरतो. त्या जागी दोन बाजूंना चिप असलेला एलईडी आला की किरण भलतीकडं फेकले जातात. चालवणाऱ्याला वाटतं लख्ख उजेड पडलाय, कारण जवळचा रस्ता पांढरा दिसतो. लांबचं दिसत नाही ते नाहीच, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढं अंधारी. समोरून येणारा म्हणजे आपल्याच गावचा दूधवाला असतो, हे विसरून कसं चालेल?

म्हणून ठरवलं की बल्ब मूळचाच ठेवायचा, ३५/३५ वॉटचा. त्याला त्याच्या हक्काचा करंट तेवढा पोचवायचा.

त्यातला पहिला भाग स्टेटरचा, म्हणजे मॅग्नेटच्या आत न फिरता बसलेल्या कॉइलच्या चकतीचा. या गाडीत लाईट आणि चार्जिंगच्या कॉइलचं एक टोक स्टेटरच्या लोखंडालाच डाखलेलं (सोल्डर केलेलं) असतं, म्हणजे बॉडीला अर्थ केलेलं. त्यामुळं एसीच्या लाटेचा अर्धाच भाग चार्जिंगला वापरला जातो. बॅटरी लहान, २.५ अँपियर-तासाची. तिच्यावर तसाच हेडलाईट जोडला तर थोड्याच वेळात ती बसणार. ते टोक बॉडीपासून सोडवून, त्याला वेगळी वायर जोडून बाहेर काढायचं आणि दोन्ही टोकं फुल वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरला द्यायची; तो एसीचा डीसी (एकाच दिशेनं वाहणारा करंट) करतो आणि व्होल्टेज आवाक्यात ठेवतो. मग लाटेचे दोन्ही भाग कामाला येतात आणि सगळी गाडी डीसीवर चालते.

मॅग्नेट काढायला मॅग्नेट पुलरच पाहिजे. छिन्नी-हातोडी लावून मॅग्नेट काढणारे मेस्त्री मी बघितलेत. त्यात चुंबकाला तडा जातो, नाहीतर क्रँकचं टोक वाकडं होतं. पुलर आवळत न्यायचा, मधल्या बोल्टवर एक हलका टोला द्यायचा, की मॅग्नेट सुटून हातात येतं. क्रँकच्या खाचेत एक छोटी अर्धचंद्राकृती चावी असते, ती लगेच काढून डबीत ठेवायची. टायमिंग सगळं तिच्यावर असतं.

स्टेटर हातात आला की घाई करायची नाही. आमच्या गाडीत सीडीआयला (प्लगला ठिणगी देणाऱ्या डबीला) वीज देणारी कॉइल त्याच स्टेटरवर आहे, बारीक तारेची, जाड टेप गुंडाळलेली. तिचं अर्थ कायम राहिलं पाहिजे, नाहीतर ठिणगीच पडणार नाही. काही स्टेटरवर दोन्ही कॉइलची टोकं सोल्डरच्या एकाच डागाखाली एकत्र आलेली असतात. तेव्हा भिंग घेऊन, ब्रशनं साफ करून, कुठली तार कुठल्या कॉइलची ते आधी ओळखायचं. लाईटच्या कॉइलची तार जाड असते. मी ६० वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं तेवढंच टोक सोडवलं, नवीन वायर डाखली आणि वर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवली. साधी पीव्हीसीची नळी इंजिनाच्या उष्णतेनं वितळते. फ्लक्स राळेचा वापरायचा. ॲसिडचा फ्लक्स पुढं तांबं खातो. मग दोऱ्यानं बांधून वार्निश. आणि बसवण्याआधी मल्टिमीटरची परीक्षा: सोडवलेल्या कॉइलच्या दोन्ही टोकांपासून लोखंडापर्यंत मीटर अजिबात वाजता कामा नये. वाजला तर कुठंतरी तार घासतेय, तसंच बसवलं तर रेग्युलेटर जळणार.

दुसरा भाग रिलेचा, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, आणि माझ्या मते खरी कमाल त्याचीच आहे. डीसी केल्यावर रेस थोडी ठेवून मोजलं तर बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर १२.१. मधले १.७ व्होल्ट कुठं गेले? लाईट चालू ठेवून मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी होल्डरच्या प्लसवर लावली, तर तिथंच १.१. म्हणजे एवढं व्होल्टेज हँडलच्या जुन्या बटणात आणि बारीक वायरीत उष्णता होऊन जात होतं. उरलेले ०.६ अर्थच्या बाजूला, हिरव्या वायरीच्या गंजलेल्या जोडात.

दीड-पावणेदोन व्होल्टनं काय होतंय, असं वाटेल. पण फिलामेंटच्या बल्बचा हिशोब सरळ नसतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. आमच्या गाडीत घट १२ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे उजेडाचा तिसरा हिस्सा बल्बपर्यंत पोचतच नव्हता. उलटंही तितकंच खरं आहे. व्होल्टेज ५ टक्के जास्त झालं तर बल्बचं आयुष्य निम्म्यावर येतं, त्यामुळं भडक उजेडासाठी रेग्युलेटर वाढवून घेण्यात शहाणपणा नाही.

रिलेचं तत्त्व सोपं आहे. हँडलच्या बटणानं मोठा करंट वाहायचा नाही, फक्त रिलेला हुकूम द्यायचा. बॅटरीच्या प्लसवरून १० अँपियरच्या फ्यूजमधून १.५ स्क्वेअर मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला. ८७ वरून बल्बला. बटणाची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. अप्परला एक रिले, डिप्परला एक. होल्डरपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी अर्थ वायर. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, कारण पुढं कुठंही वायर घासली तर आधी तो उडायला हवा. जोड सगळे दाबायच्या टर्मिनलचे, वर हीट श्रिंक. वायर पिरगाळून चिकटपट्टी गुंडाळायची सवय लागली असेल तर ती सोडा, पहिल्याच पावसात तो जोड हिरवा पडतो. मूळच्या वायरिंगमध्ये मी एकही वायर तोडलेली नाही. स्टेटर सोडला तर जे जोडलंय ते कपलरनं जोडलंय, आणि न सोडवलेला एक जुना स्टेटर मिळवून ठेवलाय. उद्या वाटलं तर गाडी होती तशी करता येते.

परत मोजलं तर एकूण तूट ०.३ व्होल्ट. मग भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली, आण्णांना सीटवर बसवलं आणि डिप्परच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खाली येईपर्यंत हेडलाईट वाकवला. हे शेवटचं काम पुष्कळजण करतच नाहीत. लाईट कितीही चांगला असला तरी तो झाडाच्या शेंड्यावर पडत असेल तर काय उपयोग?

माझा पुतण्या दोन रविवार सोबत होता. सगळं झाल्यावर गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काका, एवढं करून गाडी हाय तशीच दिसतीया की!"

"तशीच दिसायला पायजे," मी म्हणालो. "रात्री चल माझ्यासंगं तळसंद्यापर्यंत."

रात्री गेलो. पारगावच्या पुढं एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला चाक काढून उभी होती, मागं दगड आणि उसाचं वाडं (शेंड्यांचा पाला) ठेवलेलं. आम्ही रेस सोडून सावकाश आलो तरी ती लांबूनच दिसली. पोरगं मागं बसून काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या गाडीचं व्होल्टेज मोजायला मीटर मागून नेला.

कायद्याचंही सांगायला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या रचनेत असा बदल करता येत नाही ज्यानं त्याचं मूळ स्वरूप बदलेल. कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाबाहेर जाता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. त्यात मालकानं बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवीन करायला आरटीओत गाडी दाखवावी लागते. कापलेला मडगार्ड आणि फोडलेला सायलेन्सर तिथं चालत नाही. राज्यात कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली घातलेत, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील. आमच्या गाडीचा बल्ब तोच, काच तीच, रंग तोच, सायलेन्सर तोच.

लाईटच्या पाठोपाठ ब्रेक घेतला. ड्रम ब्रेकला लोक नावं ठेवतात, पण नीट लावलेला १३० मिमीचा ड्रम या वजनाच्या गाडीला पुरतो. पुढचं चाक काढा, लायनरची (ड्रमला घासणाऱ्या थराची) जाडी मोजा. २ मिमीच्या आत आलं असेल तर नवीन घाला, खाचेत लिव्हर एक दात सरकवून वेळ मारून नेऊ नका. लायनर चांगलं असेल तर पूर्ण ब्रेक दाबल्यावर ड्रमवरची लिव्हर आणि केबल यांच्यात काटकोन होतोय का बघा. काटकोनात हाताचा जोर सगळ्यात जास्त पोचतो. आणि आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपानं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. केबल नवीन घातली, कॅमला हलकं ग्रीस लावलं. बस, एवढंच.

आता गोठ्यात जायचं म्हटलं की आण्णाच माझ्याआधी खुर्ची टाकून बसलेले असतात. गावातले दोघं-तिघं आपापल्या गाड्या घेऊन येतात. त्यातल्या एकाचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, दोन ट्रॉल्या आहेत. त्याच्या ट्रॉल्यांना मागं लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टिव्ह टेप आम्ही मिळून लावली. आधी पत्रा घासून डिझेलनं पुसला, मग साबणाच्या पाण्यानं, नाहीतर टेप महिन्याभरात सुटते. लोंबणाऱ्या उसामागं टेप झाकली जाते, म्हणून मागच्या बाजूला खाली चॅसिसवरही एक पट्टी मारली. हंगाम सुरू व्हायच्या आत गल्लीतल्या बाकीच्या ट्रॉल्या करायच्या आहेत, टेपचा रोल आणून ठेवलाय.

वारणा पट्ट्यातल्या कुणाला मॅग्नेट पुलर पाहिजे असेल तर रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. मात्र स्टेटर पहिल्यांदाच सोडवणार असाल तर गाडी इकडंच आणा, गव्हाणीवर बसून सोबतच करू.